पट ४३, हजर १९ : आमच्याच मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,
(मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या ओळीतच कळेल.)

विषय : मोखाड्याच्या पाड्यांवरच्या शाळांतलं दिवाळीचं वाटप डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नेण्याचा आणि पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा वगळण्याचा निर्णय.

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या बैठकीत हे निर्णय वाचून दाखवले गेले तेव्हा मी हात वर केला होता. "वेळ झाली ताई, ग्रुपवर टाका," असं उत्तर मिळालं. घरी येऊन पाहते तर ग्रुपवर आता फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. आपण वाटतो ते पैसे आपले नाहीत. डोंबिवलीतल्या तीनशेच्या वर घरांनी दिलेले आहेत, कुणी एक्कावन्न, कुणी पाच हजार. त्यांनाही कळू दे.

मी या मंडळात बारा वर्षं आहे, त्यातली नऊ वर्षं खजिनदार. बँकेत तेहतीस वर्षं काढल्यामुळे हिशेब माझ्या गळ्यात पडला आणि हिशेबाबरोबर खरेदीही. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून स्वेटरचे गठ्ठे मी आणले आहेत. कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत, जिथे घराघरांत चपला-बूट शिवतात, तिथल्या एका कारागिराच्या ओट्यावर बसून मुलांच्या बुटांचे आकडे जुळवले आहेत. मोखाड्याच्या त्या पाड्यांवर जाताना कसाऱ्याच्या पुढे खोडाळ्याच्या वळणांवर दर वर्षी ओकले आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाही. जे चुकलं त्यात मीही होते, एवढंच सांगायचं आहे.

माझ्या पिढीला जव्हार-मोखाडा ही नावं कळली ती १९९२ साली वावर-वांगणीत झालेल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे आपल्याच. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, पण आपण जात राहिलो, दर दिवाळीच्या आधीच्या रविवारी. फराळ, कपडे, वह्या, पुढे पुढे बूट. चांगलं चाललं होतं असं मला वाटायचं. गेल्या वर्षी पहिल्यांदा बस मिळाली नाही, मग देणगीदार कंपनीच्या लोकांना सुट्टी नव्हती, असं करत करत आपण गेलो ते थेट २८ डिसेंबरला. "एखाद्या वर्षी चालतं," असं म्हणून मीही बसले बसमध्ये. यंदा तीच तारीख कायमची करायचं ठरलं आहे. त्याला माझा विरोध आहे, आणि का ते मी आता सविस्तर लिहिते, कारण बाकी चार तक्रारींचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये आपण ज्या शाळेत पहिल्यांदा थांबलो तिचा पट ४३. आपण ४३ संच मोजून नेले होते, प्रत्येकावर नाव. व्हरांड्यात मुलं बसली होती १९. अध्यक्षसाहेब, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही गुरुजींना विचारलंत, "बाकीची आज आली नाहीत का? सांगितलं नव्हतं का?" गुरुजी म्हणाले, "सांगितलं असतं साहेब, पण कुणाला सांगणार?" आपल्याला वाटलं ते गंमत करताहेत. कुणीतरी हसलंही.

बाकीची चोवीस मुलं आजारी नव्हती की रानात बोरं खायला गेली नव्हती. ती आई-बापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. मोखाडा, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवर भाताची कापणी आटोपली की दिवाळी होते आणि दिवाळी झाली की घरं कुलपाविना बंद होतात. बहुतेकांनी पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना, भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला अख्खं कुटुंब निघतं. घरी ठेवायला कुणी नसतं म्हणून पोरंही निघतात. भट्टी पावसाच्या तोंडापर्यंत चालते. मधे एकदा माणसं घरी येतात ती होळीला, कारण त्यांचा मोठा सण होळी आहे. आपण बारा वर्षं ज्यांना 'दिवाळी भेट' दिली त्यांचा मोठा सण कुठला, हे मला नवव्या वर्षी कळलं.

आता भूगोल पाहा. ही कुटुंबं जातात कुठे? भिवंडी, वसई, पनवेल, आणि आपला कल्याण तालुका. खडवली, टिटवाळा. म्हणजे २८ डिसेंबरला आपण पहाटे पाच वाजता डोंबिवलीहून निघून शंभराहून जास्त किलोमीटर गेलो, वाटेत कल्याणच्या पुढे ज्या भट्ट्यांचा धूर बसच्या खिडकीतून दिसत होता तिथे बसलेल्या मुलांसाठी खाऊ घेऊन, आणि तो खाऊ त्यांच्या रिकाम्या शाळेच्या कपाटात ठेवून परत आलो. येतानाही तोच धूर दिसला असणार. मला आठवत नाही, मला झोप लागली होती.

हे मला तेव्हा समजलं नव्हतं. फेब्रुवारीत गुरुजींचा फोन आला. कपाटातल्या संचांना उंदीर लागायला लागले होते. "पाच पोरं तुमच्या बाजूला आहेत, खडवलीजवळ. जमेल का बाई?" त्यांनी पाच पिशव्या काळी-पिवळी जीपवाल्याबरोबर कसाऱ्याला पाठवल्या, मी तिथून लोकलने आणल्या आणि खडवलीला उतरून रिक्षा केली. नदीकडच्या बाजूला भट्टी. विटा रचून वर गवत टाकलेली बुटकी खोपटी, त्यांना भोंगा म्हणतात. आत वाकून जावं लागतं. मोठी माणसं रात्री उठून पहाटेपर्यंत विटा थापतात, त्यामुळे सकाळी अकराला ती झोपली होती. मुलं जागी होती. ओल्या विटा एका अंगावर सुकल्या की त्या उलटाव्या लागतात. ते काम मुलांचं.

तिसरीतली एक मुलगी कडेवर भावाला घेऊन उभी होती. मला बघून तिने आईला हाक मारली, "दिवाळीवाली बाई आली." फेब्रुवारी महिना, ऊन तापलेलं, आणि मी दिवाळीवाली बाई! तिच्या पिशवीतून बूट निघाले. ते बूट नुसते आणलेले नव्हते. त्याची हकीकत इथेच सांगते, कारण नव्या ठरावात 'फ्री साइझ चप्पल' असं लिहिलं आहे.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आपण वयावरून बूट घ्यायचो. सात वर्षांचं मूल म्हणजे अमुक नंबर. दर वेळी निम्मे बूट बसायचे नाहीत. अनवाणी चालणाऱ्या मुलांची पावलं शहरातल्या मुलांच्या पावलांपेक्षा पुढे रुंद असतात, हे ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या त्या कारागिराने मला सांगितलं. म्हणाला, "मॅडम, वय नको, पाय आणा." मग मी गुरुजींना विनंती केली. त्यांनी सप्टेंबरमध्ये प्रत्येक मुलाला जुन्या वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिलीने पाऊल काढून घेतलं, कापलं, वर नाव लिहिलं आणि गठ्ठा पाठवला. त्रेचाळीस कागदी पावलं. काहींच्या अंगठ्याजवळ मुलांनी नखंही काढली होती. एकाने सहा बोटं काढली होती. मी काळजीने गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, "नाही हो, त्याला मोजता येत नाही अजून." त्या वर्षी एकही जोड परत आला नाही. बारा वर्षांत आपण केलेलं सगळ्यात शहाणं काम कुठलं असेल तर ते हे, आणि त्याला खर्च आला होता एका टपालाचा.

तर खडवलीच्या भट्टीवर त्या मुलीने बूट पायात घातले. पाऊल काढलं होतं सप्टेंबरात, बूट पोचले फेब्रुवारीत. तिने बोटं आत मुडपली आणि मला म्हणाली, "होतात." मी खाली बसून दाबून पाहिलं. होत नव्हते. तिने ते काढून भावाच्या डोक्याशी ठेवले, म्हणजे तो मोठा होईल तेव्हा होतील.

डिसेंबरच्या तारखेबद्दल मला एवढंच सांगायचं होतं. तुम्ही म्हणाल, कंपनीचे लोक नाताळातच मोकळे असतात आणि यंदाच्या निधीचा निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा आहे. मान्य. पण मग त्याला 'पाड्यावरच्या मुलांची दिवाळी' म्हणू नका. ती कंपनीच्या लोकांची सहल आहे, आणि सहलीला माझी हरकत नाही, तिचा खर्च देणगीतून नको.

दुसरी गोष्ट, पन्नासचा नियम. सचिवसाहेबांनी बैठकीत कारण दिलं की कमी मुलांसाठी बस आत नेणं 'परवडत नाही' आणि 'इम्पॅक्ट' दिसत नाही. आपल्या यादीतल्या सातपैकी पाच शाळा या नियमाने गळतात. ज्या दोन उरतात त्या डांबरी रस्त्यावरच्या आहेत आणि तिथे आपल्याखेरीज आणखी तीन-चार मंडळं येतात. तिथल्या एका मुलाने मला मागे सांगितलं होतं की त्याच्याकडे चार कंपासपेट्या आहेत आणि गणिताचं पुस्तक नाही. ज्या पाड्यावर अकरा मुलं आहेत तिथे कुणीच जात नाही, कारण तिथे अकराच मुलं आहेत.

याच पटाच्या आकड्यावरून २०२३ साली शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचे प्रस्ताव मागवले, तेव्हा आपल्याच ग्रुपवर केवढी चिडचिड झाली होती! "लहान शाळा म्हणजे काय ओझं आहे का?" असा मेसेज अध्यक्षसाहेबांचाच होता. माझ्याकडे आहे तो. सरकारने निदान वीसवर रेघ मारली होती. आपण पन्नासवर मारतो आहोत.

तिसरी गोष्ट 'एक मूल, एक दाता' व्हिडिओची. प्रत्येक देणगीदाराला 'त्याच्या' मुलाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवायचा, त्यात मुलाने स्वतःचं नाव, शाळेचं नाव सांगून देणगीदाराचं नाव घेऊन आभार मानायचे. हे वाचून दाखवलं जात असताना टाळ्या वाजल्या, म्हणून मी थोडं स्पष्ट लिहिते.

गेल्या वर्षी मी स्वतः पाहिलं आहे. एका मुलाला एकच डबा तीन वेळा घ्यायला लावला, कारण पहिल्यांदा उजेड मागून होता आणि दुसऱ्यांदा तो कॅमेऱ्याकडे न बघता डब्याकडे बघत होता. तिसऱ्यांदा त्याने हात पुढे केला तेव्हा त्याला वाटलं आपल्याला आता आणखी एक डबा मिळतोय. डबा काढून घेऊन पुन्हा देणाऱ्या हातांपैकी एक हात माझा होता. मला त्या फोटोत काढू नका असं मी नंतर सांगितलं, पण त्या मुलाला तसं सांगायची सोय नव्हती.

भावनेचं राहू द्या, कायद्याचं बोलू. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची, पडताळता येईल अशी, संमती मागितली आहे. नाव, चेहरा, शाळा आणि गाव एकाच व्हिडिओत घालून तो तीनशे अनोळखी फोनवर पाठवणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या दोन वकिलांना मी सांगायला नको. पालक तर त्या दिवशी भट्टीवर असतात. संमती कुणाची घेणार, मुकादमाची?

आणि अगदी साधी गोष्ट विचारते. तुमच्या नातवाला वाढदिवसाला सायकल मिळाली आणि देणाऱ्याने सांगितलं की आधी कॅमेऱ्यासमोर शाळेचं नाव सांगून माझे आभार मान, तर तुम्ही सायकल घ्याल की माणसाला जिना दाखवाल?

चौथी गोष्ट सामानाची. यंदाच्या संचात काय आहे ते मी यादीवरून लिहिते : कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली, कंपनीचं नाव छापलेली टोपी (लाल, सांताक्लॉजची, गोंड्यासकट), चित्रकलेची वही, खडूपेटी, बिस्किटं, फ्री साइझ चप्पल. फराळ नाही, कारण डिसेंबरपर्यंत तो खवट होतो. हे मात्र बरोबर आहे, गेल्या वर्षीचा चिवडा खवट झाला होता आणि मुलांनी तरीही घरी नेला.

सांताच्या टोपीला माझा धर्मावरून वगैरे विरोध नाही. ज्या पाड्यावर वाघबारशीला वाघाला नैवेद्य देतात, नवं भात घरात आलं की तारपा वाजतो, चवळी नि करांदे शिजतात, तिथे ती टोपी कशासाठी, एवढाच प्रश्न आहे. आपला बुंदीचा लाडूही तिथे पाहुणाच होता, हेही कबूल करते. पण तो निदान खाता यायचा.

मापाचं सांगते. सगळ्यांना एकच माप, एकाच जागेवरून, हा प्रयोग सरकारने नुकताच करून पाहिला आहे. २०२४-२५ ला 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून एकाच ठिकाणाहून कापड आणि बचत गटांकडून शिलाई असं ठरलं. गणवेश कित्येक शाळांत महिनोन् महिने उशिरा पोचले आणि आले ते कुणाला आखूड, कुणाला ढगळ. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनेच तो निर्णय फिरवला आणि काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. एवढं मोठं सरकारही शिकलं. आपल्याकडे कागदाची पावलं तीन वर्षांपासून आहेत.

पाचवी गोष्ट खजिनदार म्हणून. गेल्या वर्षी जमलेल्या दर शंभर रुपयांतले एकोणचाळीस रुपये बस, आपले टी-शर्ट, नाश्ता, फलक आणि ड्रोनवाल्यावर गेले. मी हा आकडा वार्षिक सभेत वाचला होता, पण तेव्हा समोसे आले. दुपारचं जेवण या खर्चात धरलेलं नाही, कारण ते आपण दिलंच नाही. आपण बावीस जण शाळेत जेवलो. कोंबडी होती. ती गुरुजींनी आणि शेजारच्या शाळेच्या बाईंनी स्वतःच्या खिशातून आणली होती. पाहुणे आले तर कोंबडी करायची पद्धत आहे तिथे, आणि आपण पाहुण्यांसारखं हात धुऊन उठलो. आपण येणार म्हणून दोन दिवस स्वागतगीताची तालीम चालली होती, तिसरा दिवस आपण घेतला. कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षाला २०० दिवस शाळा मिळायला हवी. दिवाळीनंतर पोरं निघून जातात त्या शाळेत त्या दोनशेतले तीन दिवस म्हणजे किती, हा हिशेब बँकेत शिकवत नाहीत.

इथे एक आडवळण घेते. नोव्हेंबर २०२३ पासून राज्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं, न खाणाऱ्याला केळं, सुरू झालं होतं. मुलं त्या दिवशी चुकत नसत, असं गुरुजी सांगायचे. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंड्याचा वेगळा निधी बंद झाला. द्यायचं तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं गेलं. लोकसहभाग म्हणजे आपण. आपला एक संच पडतो साधारण पाचशे रुपयांना. अंडं सात रुपयांचं धरलं तर एका मुलाला शाळेच्या अख्ख्या वर्षात दर आठवड्याला एक अंडं तीनशेच्या आत बसतं, आणि वर बूट येतात. हे मी बैठकीत मांडणार होते. पण खरं सांगायचं तर माझं मन याबाबत दोन्हीकडे जातं. अंडं सरकारने द्यायचं आहे. आपण देऊ लागलो की सरकार सुटलं. आणि नाही दिलं तर पोरगं अंड्याशिवाय राहिलं. याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण सांताच्या टोपीपेक्षा या प्रश्नावर बैठकीचा वेळ जावा असं मला वाटतं.

आता मागण्या.

एक. यंदाचं वाटप वाघबारशीच्या आधी व्हावं. दिवाळीला अजून पाच आठवडे आहेत. बस नसेल तर दोन टेम्पो आणि चार माणसं पुरतात. बावीस माणसांची गरज कधीच नव्हती.

दोन. जी मुलं निघून जातील त्यांची यादी शाळेकडे असते. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे ती जिथे जातील तिथल्या शाळेत बसू शकतील. आपले गुरुजी ते देतात. त्या यादीवरून जानेवारीत आपण कल्याण-भिवंडीच्या भट्ट्यांवर जावं. खाऊ घेऊन जाऊ नये असं नाही, पण मुख्य काम हे की ते कार्ड घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलाला नेऊन बसवायचं, मुख्याध्यापकांशी बोलायचं, दर पंधरा दिवसांनी जाऊन बघायचं. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर जाऊन भोंगाशाळा चालवल्या होत्या. ते आपल्याला झेपणार नाही. पण टिटवाळा आपल्याला लोकलने अर्धा तास आहे, आणि आपल्या मंडळात निवृत्त शिक्षिका सहा आहेत.

तीन. पन्नासचा नियम रद्द करावा. सातही शाळा यादीत राहाव्यात. वगळायच्याच असतील तर ज्या दोन शाळांत इतर मंडळं येतात त्या वगळाव्यात, त्यांना विचारून.

चार. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो, व्हिडिओ काढू नयेत. देणगीदारांना हिशेब पाठवावा, पावत्यांसकट. कुणाला मुलं पाहायचीच असतील तर त्यांनी भट्टीवर माझ्याबरोबर यावं, मोबाईल पिशवीत ठेवून.

पाच. काय आणायचं ते शाळेला विचारून ठरवावं, लेखी. मागच्या वर्षी एका शाळेच्या बाईंनी मला चिठ्ठी दिली होती. तीत तीन गोष्टी होत्या : पाचवीच्या मुलींना आतले कपडे, बॅटरी, आणि मुलांची नखं कापायला नेलकटर. आपण खडूपेट्या नेल्या.

सहा. टी-शर्ट, फलक, ड्रोन यांवर देणगीतला एक रुपयाही जाऊ नये, आणि शाळेत जेवायचं असेल तर शिधा आपण न्यावा. शिजवणाऱ्या ताईंना त्या दिवसाची मजुरी द्यावी.

कंपनीने या अटींवर पैसे द्यायला नकार दिला तर? देऊ दे नकार. त्यांच्या आधीची दहा वर्षं आपण एक्कावन्न रुपयांच्या पावत्यांवरच काढली. संच कमी होतील. त्रेचाळीसच्या जागी तीस होतील, पण हातात पडतील.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीवर येत्या रविवारच्या बैठकीत मतदान व्हावं, एवढी माझी विनंती आहे. माझा हात तेव्हाही वर असेल. राजीनामा मी दिलेला नाही आणि मागितला तरी देणार नाही, कारण पावतीपुस्तकं माझ्या सहीची आहेत आणि लोक मला भाजीबाजारात विचारतात.

मनात काही ठेवून लिहिलेलं नाही. आपण सगळे दर वर्षी स्वतःची दिवाळीची साफसफाई सोडून जातो, हे मला माहीत आहे. बसच्या टपावर चढून गठ्ठे बांधणारे अध्यक्षसाहेबच असतात, तेही मी पाहिलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
खजिनदार

ता. क. : बैठकीची वाट न पाहता मी गुरुजींना यंदाची पावलं काढायला सांगून ठेवलं आहे. यंदा पट ४१. शाळेत न जाणाऱ्या धाकट्या भावंडांचीही घ्या म्हटलं, ती दर वर्षी दाराबाहेर उभी राहतात. गठ्ठा गुरुवारी दुपारच्या जीपने कसाऱ्याला येतो आहे. माझा गुडघा धरला आहे, कसाऱ्याचा जिना मला होणार नाही. कुणी आणून देईल का?